अलास्का गोल्डपॅनर्स
अमेरिकेतील अलास्का राज्याच्या फेअरबँक्स शहराचा बेसबॉल संघ. स्थापना १९६०, संस्थापक एच. ए. ‘रेड’ बाउचर, हे पुढे शहराचे महापौर आणि राज्याचे उपराज्यपाल झाले. महाविद्यालयीन खेळाडू उन्हाळी सुट्टीत येथे विनामानधन खेळतात. टॉम सीव्हर, डेव्ह विनफील्ड, बॅरी बाँड्स हे नामवंत बेसबॉलपटू याच संघातून पुढे गेले. विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा संघाने सहा वेळा जिंकली. त्यांतील तीन विजेतेपदे १९७२ ते १९७४ अशी लागोपाठची. तरीही संघाची खरी ओळख ‘मिडनाइट सन’ सामना हीच. १९०६ पासूनची ही प्रथा १९६० पासून गोल्डपॅनर्सकडे आहे. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास खेळ सुरू होतो, मध्यरात्र उलटते, पण मैदानावरचे दिवे लावले जात नाहीत. संधिप्रकाशात फलंदाजाला चेंडू दिसतो, निदान दिसावा अशी अपेक्षा असते.