ध्वनिमुद्रिकांची पाठशुद्धि

गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेची ‘रीमास्टर्ड’ आवृत्ति बाजारांत आली, कीं जुनी प्रत घरीं असलेल्या रसिकापुढें प्रश्न उभा राहतो: तेंच संगीत पुन्हां पैसे मोजून कां घ्यावें? कोणी म्हणतात, ही निव्वळ व्यापाऱ्यांची युक्ति आहे. कोणी म्हणतात, नवें यंत्र जुन्याहून सरसच असणार. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं इतिहासाला साक्षीस बोलाविलेलें नाहीं.

गायकवादकांचा आवाज प्रथम चुंबकीय फितीवर उतरे. तिच्यावरून सर्व आवाजांचा मेळ घातलेली मूळ फीत, म्हणजे ‘मास्टर’, सिद्ध होई, आणि तिच्यापासून तबकडी निघे. हें शेवटच्या पायरीचें काम नव्यानें करणें म्हणजे रीमास्टरिंग. ग्रंथाच्या पाठशुद्धीशीं त्याचें जवळचें नातें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. तिचें मोल सुबक छपाईंत नसून, संपादकांनीं कोणत्या पोथ्या ताडून पाहिल्या व कोणता पाठ कां स्वीकारला, यांत आहे. ध्वनिमुद्रिकेच्या संपादकालाहि हाच प्रश्न विचारला पाहिजे: आपण कोणती पोथी पाहिली?

याचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याची ‘काइंड ऑफ ब्लू’. न्यूयॉर्क येथें, पूर्वीं चर्च असलेल्या कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत, १९५९ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत ती दोन बैठकींत मुद्रित झाली. पहिल्या बैठकीच्या वेळीं मुख्य यंत्र किंचित् मंद चाललें होतें. मंद फिरलेली फीत नेमक्या गतीनें वाजविली, कीं लय वाढते व पट्टी चढते. त्यामुळें तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुळापेक्षां चढ्या सुरांत जगभर ऐकल्या गेल्या. हा फरक अर्ध्या स्वराहूनहि लहान. परंतु तंबोऱ्याची तार उतरलेली ज्याला क्षणांत कळते, अशा आमच्याकडील श्रोत्याला त्याचें महत्त्व सांगावयास नको. सुदैवानें त्याच वेळीं दुसऱ्या यंत्रावर एक राखीव फीत भरली गेली होती, व तिची गति बिनचूक होती. तिच्या आधारें १९९२ च्या आवृत्तींत ही चूक प्रथम दुरुस्त झाली. १९९७ च्या आवृत्तींतहि तोच शुद्ध पाठ घेतला गेला. वादक प्रत्यक्ष ज्या सुरांत वाजवीत होते, ते सूर रसिकांना तेहतीस वर्षांनीं लाभले. अशी आवृत्ति अवश्य घ्यावी.

बीटल्स मंडळींची १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ ही याचीच दुसरी बाजू. तिच्या एकमार्गी, म्हणजे ‘मोनो’, मेळाच्या वेळीं कलावंत स्वतः लक्ष घालीत होते. ‘स्टीरिओ’ मेळ मागाहून त्यांच्यावांचून झाला. १९८७ सालीं सीडीवर आला तो स्टीरिओ पाठ. मोनो पाठ २००९ च्या संचानें पुन्हां हातीं दिला. येथेंहि नवेपणाला मोल नाहीं. मोल आहे तें कर्त्याच्या हेतूजवळ जाण्याला.

परंतु १९९० नंतर एक निराळाच प्रवाह बळावला. सीडीवर आवाजाला ठराविक कमाल मर्यादा असते. तिच्यापलीकडे तो चढवितां येत नाहीं. म्हणून हळुवार भाग वर उचलून व उंच भागांचीं शिखरें दाबून सगळें संगीत त्या मर्यादेपाशीं नेण्याची स्पर्धा लागली. मोठा आवाज पहिल्या ऐकण्यांत सरस भासतो, हा मनुष्याच्या कानाचा धर्मच आहे. पण कुजबूज व गर्जना यांतील अंतर बुजलें, म्हणजे ऐकणारा लवकरच शिणतो. यास्तव दोन प्रती ताडून पाहतांना दोहोंचा आवाज आधीं सारखा करून घ्यावा. मग पुष्कळशी ‘सुधारणा’ विरून जाते.

तात्पर्य, जी आवृत्ति आपली मूळ फीत व केलेली दुरुस्ती उघडपणें सांगते, ती विकत घेण्याजोगी. जी केवळ मोठ्यानें बोलते, ती नव्हे. आणि नवी घेतली, तरी जुनी टाकूं नये. इंटरनेटवरून संगीत पुरविणाऱ्या सेवांवर पुष्कळदां नवीच आवृत्ति तेवढी उरते. तेथें बिघडलेला पाठ एकदां रूढ झाला, तर त्याची चूक दाखवावयास आपल्या कपाटांतील जुन्या तबकडीवांचून दुसरा साक्षीदार सहसा मिळावयाचा नाहीं.