लवणीतली गाठ

निंदण असो की खुरपण, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उकिडवे बसल्यावाचून शेतीचे काम होत नाही. अशा राबलेल्या गुडघ्याच्या मागे, लवणीत, कधी कधी लिंबाएवढी गाठ येते. पाय ताठ केला की ती घट्ट लागते, दुमडला की मऊ पडते. मग कुणी म्हणतो बिबा घाला, कुणी म्हणतो डाग द्या. पण ही गाठ असते तरी कशाची?

डब्लिनचे शल्यवैद्य रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० साली दाखवून दिले की, या गाठीची वाट सांध्यात जाते. पुढे १८७७ साली लंडनच्या विल्यम मोरंट बेकर यांनी असे अनेक रोगी पाहून कारण उलगडले. सांधा बिघडला की आतले वंगणासारखे पाणी वाढते आणि मागच्या बाजूने वाट काढते. दार एकाच बाजूने उघडणारे. गेलेले पाणी सहसा परतत नाही. म्हणून हिला 'बेकरची गाठ' म्हणतात.

मात्र लवणीतली प्रत्येक गाठ पाण्याचीच असते, असे नाही. १७८५ साली लंडनमध्येच जॉन हंटर यांच्याकडे एक घोडागाडीवान आला. त्याची गाठ नाडीबरोबर उडत होती, कारण ती फुगलेली धमनी होती! हंटर यांनी गाठ न कापता मांडीतली धमनी बांधली आणि पाय वाचवला. तिथे कुणी वस्तरा चालवला असता तर?

तात्पर्य, पाण्याच्या गाठीचे मूळ गुडघ्यात असते. सुईने पाणी काढता येते. पण सांधा तसाच राहिला तर ते पुन्हा भरते. विश्रांती, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि मूळ संधिवातावर इलाज, हाच खरा उपचार. लहान मुलांची अशी गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. गुरुजींनी हे पालकांना जरूर सांगावे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गाठ फुटली तर पाणी पोटरीत उतरते, पोटरी सुजते, दुखते. शिरेत रक्त गोठले तरी अगदी असेच दिसते, आणि ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी पोटरी चोळत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बेकर यांना बोटांनी चाचपून जे ताडावे लागे, ते आज सोनोग्राफीत डोळ्यांना दिसते. मग डाग कशाला द्यायचा?