दहा दिवस, पाच शहरं, एक व्हिसा

पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना. फोनवर अशी यादी करायला पाच मिनिटं पुरतात. पण दहा दिवसांत पाच शहरं बघता येणं ही फार अलीकडची गोष्ट आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधले उमराव आपल्या मुलांना ‘ग्रँड टूर’वर पाठवत. पॅरिस, मग आल्प्स ओलांडून फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. सोबत शिक्षक, नोकर आणि परदेशी सावकाराच्या नावाचं पतपत्र. माँ सेनीच्या घाटात बग्गी सुटी करून खेचरांवर लादायची, धनी मात्र खुर्चीत बसून हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडायचा. इटलीत तर दर काही मैलांवर नवं राज्य, नवा जकात नाका, नवी नाणी. त्यामुळे युरोप बघणं म्हणजे महिन्यांचं, कधी वर्षांचं काम होतं.

हे बदललं एका सुताराने. थॉमस कुक दारूबंदीचा प्रचारक होता. 5 जुलै 1841 रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे 500 माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. 1855 मध्ये त्याने युरोपची सहल काढली. 1868 पासून त्याची हॉटेल कुपनं निघाली: पैसे आधीच भरायचे आणि परक्या गावात नुसतं कुपन दाखवायचं. आता मध्यमवर्गीय माणसं आणि एकट्या बायकाही निघू शकल्या.

1972 मध्ये ‘इंटररेल’ आलं. 21 वर्षांपर्यंतच्या युरोपीय तरुणांना एका पासवर 21 देशांत महिनाभर रेल्वेने फिरता येऊ लागलं. सीमेवर पासपोर्ट मात्र दाखवावाच लागे. 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी ही तपासणी हटवण्याचा करार केला. 1995 मध्ये तो प्रत्यक्षात आला.

आपल्यासाठी मात्र सगळी तपासणी पहिल्याच दारात एकवटली आहे. शेंगेन व्हिसा एकच, पण त्यासाठी प्रवासाचा आराखडा, राहण्याची सोय, बँकेचं स्टेटमेंट आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शिवाय जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथून शिरणार, तिथे. म्हणजे प्रागमध्ये दोन दिवस वाढवले, तर अर्जाचा देशही बदलू शकतो.

म्हणून यादी शहरांची करण्याआधी रात्रींची करा. उमरावाचा मुलगा पतपत्र दाखवायचा, आपण स्टेटमेंट दाखवतो. खांद्यावरून नेणारे हमाल तेवढे गेले.