बंद पेटीतला पुदिना

गेल्या पावसाळ्यानंतर आईचा दमा बळावला, तेव्हा मी तिच्या खोलीत सात कुंड्या आणून ठेवल्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी होती : ‘नासाप्रमाणित, हवा शुद्ध करणारे रोप’. रस्त्यावरची धूळ नको म्हणून खिडकी लावून घेतली. दोन महिने गेले, धाप काही कमी झाली नाही. तेव्हा त्या चिठ्ठीचे मूळ शोधायला बसलो. विज्ञानाचे रीतसर शिक्षण माझ्याजवळ नाही. जुने कागद वाचण्याची सवय तेवढी आहे.

माग थेट 1771 सालच्या ऑगस्टपर्यंत गेला. इंग्लंडमधील लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली या धर्मोपदेशकाने बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि त्या बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहाएक दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. वनस्पती हवा सुधारतात, या कल्पनेला इथे प्रयोगाचा आधार मिळाला. 1779 मध्ये यान इंगेनहाउझ या डच वैद्याने तिला अटी घातल्या : हे काम फक्त हिरवे भाग करतात, तेही उजेडात, अंधारात झाडे उलट हवा बिघडवतात. कल्पना लोकांच्या लक्षात राहिली, अटी मागे पडल्या.

पुढच्या शतकात लंडनच्या धुरात नेचे तगेनात. नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला 1829 मध्ये एका झाकलेल्या बाटलीत नेचा आपोआप उगवलेला दिसला आणि त्यातून काचपेटीची कल्पना निघाली. म्हणजे शहराच्या हवेपासून तेव्हा झाडालाच वाचवावे लागत होते.

‘नासा’ या कथेत येते ती 1973 च्या तेलटंचाईनंतर. ऊर्जा वाचवण्यासाठी अमेरिकेत इमारती हवाबंद होऊ लागल्या. आत रंग, गालिचे, प्लायवुड यांतून निघणारी रसायने कोंडू लागली. अंतराळयानातही प्रश्न तोच. बिल वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने लहान पारदर्शक पेट्यांत कुंड्या ठेवून बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन सोडले व चोवीस तासांत किती घटते ते मोजले. 1989 च्या या अहवालाला बागकाम कंत्राटदारांच्या संघटनेचाही हातभार होता.

अहवाल मी ओळीने वाचला. वायू घटले, हे खरे. पण पेट्या बंद होत्या. मुळांभोवतीची माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव यांचा वाटा मोठा आहे, हे अहवालच सांगतो. म्हणूनच वुल्व्हर्टन यांनी कुंडीला सक्रिय कोळसा आणि पंखा जोडून पाहिला. चिठ्ठीवर ना कोळसा होता, ना पंखा. ‘प्रमाणित’ हा शब्द तर अहवालात कुठेच नाही.

2019 मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी असे 12 अभ्यास आणि त्यांतले 196 प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या ये-जा इतकाच परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपे लागतील, असा त्यांचा हिशेब. आईची खोली दहा बाय बाराची, म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. कमीत कमी आकडा धरला तरी एकशे दहा कुंड्या. तिथे पलंग ठेवायला जागा उरली नसती.

मी हे सारे आईला वाचून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, “अरे, खिडकी उघड म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.”

हे मात्र खरे होते. कागदांच्या आधी तिचे ऐकायला हवे होते. आता पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, तासभर खिडकी उघडी ठेवतो. दमा गेलेला नाही, औषधे चालूच आहेत. पाच कुंड्या गॅलरीत हलवल्या. दोन तिने खोलीतच ठेवून घेतल्या. हिरवे बघायला बरे वाटते म्हणाली.

त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या मात्र मी काढून टाकल्या.