मनगटाचा अस्थिभंग : साधा एक्स-रे पुरेसा की सीटी स्कॅन आवश्यक?

बर्फाळ पायवाटेवर पाय घसरला की माणूस नकळत हात पुढे टाकतो आणि शरीराचा सारा भार तळहातावर येतो. सायकलवरून पडताना किंवा क्रिकेटमध्ये झेलासाठी झेपावतानाही हेच घडते. मनगट सुजते, ठणकते. पण बोटे हलत असतात. ‘बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत आहे’ हा घरोघरी ऐकू येणारा समज मनगटाच्या बाबतीत साफ खोटा आहे.

रुग्णालयात प्रथम काढला जातो तो साधा एक्स-रे, आणि ते योग्यच आहे. ही तपासणी काही मिनिटांत होते, स्वस्त असते आणि जवळजवळ सर्वत्र उपलब्ध असते. कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या रेडियस या हाडाचे मनगटालगतचे टोक मोडले असेल, तर ते बहुधा पहिल्याच प्रतिमेत दिसते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी तर या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ मध्येच, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताच्या बदललेल्या आकारावरून केले होते.

अडचण सुरू होते ती मनगटातील आठ लहान हाडांपाशी. एक्स-रे म्हणजे त्रिमितीय वस्तूची सपाट सावली. एकमेकांना चिकटून बसलेल्या या हाडांच्या सावल्या परस्परांवर पडतात आणि केसासारखी बारीक भेग त्यांत हरवून जाते. सर्वाधिक दगा देणारे हाड म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे, नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा उमटतो. पूर्वी लोक तपकीर तेथे ठेवून ओढत, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीची डबी म्हणतात. पडल्यानंतर तेथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे निर्दोष दिसला तरी स्कॅफॉइड मोडल्याचा संशय कायम ठेवावा लागतो. त्यासाठी मनगट करंगळीच्या दिशेने वळवून खास कोनांतून प्रतिमा घेतल्या जातात. तरीही काही भेगा सुटतातच.

सुटलेली भेग महागात का पडते, याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडील टोकाच्या बाजूने मिळते आणि ते उलट दिशेने कोपराकडील टोकापर्यंत पोहोचते. मध्येच हाड मोडले, की मागचा तुकडा रक्तावाचून मृत होऊ शकतो. हाड जुळतच नाही आणि पुढे काही वर्षांत मनगटाचा संधिवात जडतो. दिवसभर कीबोर्डवर किंवा शस्त्रक्रियागृहात हात चालवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच जुनी पद्धत अशी : संशय असल्यास प्लास्टर किंवा आधारपट्टी बांधायची आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. तोवर भेगेच्या कडांवरील हाड थोडे झिजते आणि रेषा दिसू लागते. ही पद्धत सुरक्षित आहे, पण तिची किंमत रुग्ण मोजतो. अशा संशयितांपैकी बहुतेकांचे हाड मोडलेलेच नसते. त्यांचे दोन आठवडे वाहन न चालवता आणि अर्धवट काम करत उगाचच जातात.

येथे सीटी स्कॅन उपयोगी पडतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. तत्त्व आजही तेच आहे : अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून संगणकाने पातळ काप रचायचे. मनगटाचे हे काप एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकतात आणि ते स्कॅफॉइडच्या लांबीच्या अक्षावर पुन्हा मांडता येतात. भेग आहे की नाही, एवढ्यावर हे थांबत नाही. तुकडे किती सरकले, सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली का, हेही मोजता येते. प्लास्टर की स्क्रू, हा निर्णय बराचसा या मापांवर ठरतो. बॅट, रॅकेट किंवा गोल्फची काठी धरणाऱ्यांत मोडणारा हॅमेट हाडाचा आकडा नेहमीच्या एक्स-रेत सहज लपतो. सीटीत तो स्पष्ट दिसतो.

किरणोत्साराची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. सीटीची मात्रा एक्स-रेपेक्षा कितीतरी पट जास्त असते, हे खरे. पण मनगटात किरणांना विशेष संवेदनशील असे अवयव नाहीत, त्यामुळे छाती किंवा पोटाच्या सीटीशी त्याची तुलना करणे चूक आहे. हात डोक्यावर ताणून केवळ मनगट यंत्रात ठेवले, तर उरलेले शरीर बव्हंशी दूर राहते. गरोदर स्त्रीने मात्र तपासणीपूर्वी तसे अवश्य सांगावे.

सीटीलाही मर्यादा आहेत. न सरकलेली अगदी सूक्ष्म भेग, हाडाच्या आतील मुका मार आणि फाटलेले अस्थिबंध त्यात निसटू शकतात. तेथे एमआरआय सरस ठरतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, नीट शारीरिक तपासणीनंतर स्कॅफॉइडच्या संशयासाठी पहिली तपासणी म्हणून एमआरआयचाच विचार सुचवला आहे. प्रत्यक्षात तो त्याच दिवशी मिळेलच असे नाही, आणि विशिष्ट पेसमेकर असलेल्यांना तो करताही येत नाही. अशा वेळी सीटी हाच व्यवहार्य पर्याय उरतो. अमेरिकेत विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागण्याची शक्यता असल्याने, खळग्यातील दुखण्याची नोंद डॉक्टरांच्या कागदावर आहे ना, हे रुग्णाने पहिल्याच भेटीत पाहून घ्यावे.