डोंगरी बुजुर्गचा काळा दगड आणि ई-रिक्षाची बॅटरी

ट्रान्झिस्टरचा संपलेला सेल दगडानं ठेचून आतली कांडी काढणारी पिढी अजून आपल्यात आहे. ती कांडी कार्बनची. पण तिच्याभोवतीची जी काळी पूड हाताला, चड्डीला लागायची अन् घरी मार मिळायचा, ती मँगनीज डायऑक्साइड. अशा सेलसाठी लागणारं खनिज भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं. आज बॅटरीतले धातू परत काढायची चर्चा सुरू आहे, तेव्हा ही जुनी गोष्ट नागपूरकरांनी एकदा आठवायला हवी.

१८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी इथं आली. मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे बालाघाट... पुढच्या काही वर्षांतच मँगनीजच्या बाबतीत हिंदुस्थान रशियाच्या बरोबरीनं नाव घ्यावं असा देश झाला. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ मध्ये या खनिजावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात आपला हा पट्टा ठिकठिकाणी भेटतो. माल मात्र कच्चाच जायचा. १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं, ते बांधण्यामागचं एक मोठं कारण मध्य प्रांतातलं मँगनीज समुद्रापर्यंत लवकर पोचवणं हे होतं. दगड आपला, मजूर आपले आणि पोलाद दुसरीकडचं!

१९६२ मध्ये मॉईल स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. मुख्यालय नागपुरातच. नंतर डोंगरी बुजुर्गला या कंपनीनं देशी तंत्रावर एक कारखाना उभारला, वर्षाला १,५०० टन क्षमतेचा. खनिज आम्लात विरघळवायचं, मँगनीज सल्फेटचं द्रावण शुद्ध करायचं आणि त्यातून वीज सोडून बॅटरीच्या दर्जाचं मँगनीज डायऑक्साइड मिळवायचं. हे काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि शिशाच्या बॅटऱ्यांचा धंदा वाढला. शिसं ३२७ अंशालाच वितळतं, त्यामुळे भंगारवाल्याला ते सोपं. २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घ्यायचं बंधन घातलं. तरी उघड्यावर भट्ट्या लावून शिसं गाळणं थांबलं नाही, कारण त्यात रोख पैसा होता. धूर कुणाच्या लेकरांच्या छातीत गेला, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

लिथियम-आयन बॅटरीचं तसं नाही राजेहो. सोनीनं १९९१ मध्ये ती बाजारात आणली. तिच्यात काही ठिकाणी निकेल, कोबाल्ट आणि मँगनीज एकत्र असतात, काही ठिकाणी फक्त लोह-फॉस्फेट. ही दुसरी जात स्वस्त आणि तुलनेनं सुरक्षित, पण तिच्यातून कोबाल्ट-निकेल काहीच निघत नाही, म्हणून भंगारात तिला भाव कमी. त्यात चार्ज उरलेली बॅटरी फोडली तर पेट घेते. आधी ती पूर्ण उतरवावी लागते, मग दळून काळा चुरा करतात. त्याला या धंद्यात ब्लॅक मास म्हणतात. आपल्या देशात हा चुरा करून धातू न काढताच परदेशी धाडणारे आहेत. १९०५ अन् आज, फरक काय?

चुऱ्यापासून पुढे दोन वाटा. भट्टीत घातला तर कोबाल्ट-निकेल मिळतं, पण लिथियम आणि मँगनीज मळीत जातं. आम्लाच्या वाटेनं गेलं तर एकेक धातू वेगळा काढता येतो, आणि त्यात मँगनीज हाती येतं ते सल्फेटच्या द्रावणातच. म्हणजे डोंगरी बुजुर्गच्या कारखान्यात जे हाताळतात, तेच! निकेल-कोबाल्ट वेगळं करणं हे आणखी अवघड काम, ते मी सोपं म्हणत नाही. पण नीरी इथं आहे, व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग इथं आहे, वाडीला ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. बॅटरीतली एक पातळ पट्टी ॲल्युमिनियमचीच असते. एवढं सगळं एका शहरात असणारी गावं देशात किती असतील?

अडतंय ते गोळा करण्यात. २०२२ च्या नियमांनी जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकली. २०२६-२७ पासून ९० टक्के साहित्य परत मिळवायचं लक्ष्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अशा पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. कागद चांगला आहे. पण ई-रिक्षावाल्या भाऊला संपलेली लिथियम बॅटरी कुठं द्यायची अन् तिचे किती मिळतील हे ठाऊक नसेल, तर तो जो रोख देईल त्यालाच देईल. त्याला दोष कसा देणार?

२६ मे २०१७ ला नागपुरात २०० विजेच्या गाड्यांचा प्रकल्प मोठ्या थाटात सुरू झाला, देशातला पहिला म्हणून. आता आपली बसमध्येही विजेच्या गाड्या आहेत. महापालिकेनं ज्या कंत्राटदारांशी करार केलेत, त्यात उतरलेली बॅटरी कुणाची, ती कुणाकडे जाणार आणि तिची नोंद कोण ठेवणार, हे लिहिलंय का? माहितीचा अधिकार वापरणारे बरेच जण इथं आहेत. अर्ज टाका, आणि उत्तर आलं की खाली लावा.