पालिकेची रेघ

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे अध्ययन करीत होत्या. पदवी देणारे विद्यापीठ नगराच्या मध्यभागी, उंटर डेन लिंडेन या राजमार्गावर. कैसर विल्हेल्म संशोधनसंस्था नैर्ऋत्येस, डालेम या उपनगरात. या दोन वास्तूंमधील अंतर त्या काळी केवळ जाण्यायेण्याचे होते. १९४५ नंतर मात्र विद्यापीठ सोव्हिएत विभागात गेले, संस्थेची वास्तू अमेरिकन विभागात राहिली आणि १९४८ साली डालेमला दुसरे, स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले.

बर्लिनच्या दुभंगाची हकीकत १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्रीपासून सांगण्याचा प्रघात आहे. त्या रात्री तारेचे कुंपण पडले, मागाहून भिंत आली. परंतु त्या नगरात दीर्घकाळ वास्तव्य करणारा परका माणूस रस्त्यांतून बसविलेली दगडांची दुहेरी ओळ, म्हणजे भिंतीची आजची खूण, धरून चालू लागला की त्याला वेगळाच प्रश्न पडतो: ही रेषा इतकी वेडीवाकडी का? दोन विचारप्रणालींची सीमा एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावर अकारण का वळावी?

उत्तर १९२० सालच्या एका कायद्यात आहे. सभोवतालची नगरे व गावे मिळवून बृहद्बर्लिन निर्माण झाले, तेव्हा कारभाराच्या सोयीसाठी त्याचे २० प्रभाग पाडण्यात आले. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडन येथे दोस्त राष्ट्रांनी विभागणीचा मसुदा केला तो मुख्यतः याच प्रभागांच्या आधारे. अखेरीस ८ प्रभाग सोव्हिएत सत्तेकडे व १२ पाश्चात्यांकडे आले. कर गोळा करण्यासाठी आणि शाळा चालविण्यासाठी आखलेली रेघ जगाची सीमा झाली. भिंतीला प्रतीक मानणाऱ्या साहित्याने या क्षुल्लक उगमाकडे पुरेसे पाहिले नाही, असे म्हणावे लागते.

बेर्नाउअर रस्त्यावर हा क्षुल्लकपणा भयंकर ठरला. तेथे प्रभागाची हद्द घरांच्या दर्शनी भिंतीवरून जात होती. घर पूर्वेचे आणि दारापुढची फरसबंदी पश्चिमेची. प्रथम दारे चिणली गेली, मग खिडक्या. वरच्या मजल्यांवरून लोकांनी उड्या टाकल्या. खाली पश्चिमेचे अग्निशामक जाळ्या ताणून उभे होते. सर्वच उड्या जाळीत पडल्या नाहीत. पुढे घरे पाडली गेली, तरी त्यांचे तळमजल्याचे दर्शनी भाग कित्येक वर्षे सीमेची भिंत म्हणून उभेच होते. त्याच पट्ट्यात अडकलेले १८९४ सालचे चर्च जानेवारी १९८५ मध्ये सुरुंगाने उडविण्यात आले. त्याच्या विटांचे तुकडे मातीत कालवून २००० साली तेथे लहानसे प्रार्थनागृह बांधले गेले. चर्चचे नाव मात्र प्रारंभापासून 'समेट' असेच होते.

भिंत बांधणाऱ्यांनाही रेघेची सगळी वळणे परवडली नाहीत. क्रॉयत्सबेर्ग भागात त्यांनी एक वळण सरळ केले, आणि पूर्वेचा त्रिकोणी तुकडा भिंतीच्या पश्चिम बाजूस उरला. तेथे कचरा साचला. पश्चिमेची पालिका त्याला हात लावू शकत नव्हती, पूर्वेला तो नकोसा होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार झाल्यानंतर जे हजारो तुर्क पश्चिम जर्मनीत व पश्चिम बर्लिनमध्ये आले, त्यांच्यापैकी एका वृद्धाने १९८० नंतरच्या काही वर्षांत तो उकिरडा साफ करून तेथे भाजीपाला लावला. पूर्वेचे सैनिक चौकशी करून गेले आणि त्यांनी बाग राहू दिली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत उघडली. बाग तशीच राहिली.